कार्पेटवरचं गाऱ्हाणं

बाळा घाडी मला कधीच आवडला नाही. आज त्याच्यावर लिहायला बसले आहे म्हणून तो आवडायला लागलाय, असा कुणी समज करून घेऊ नये. माणूस उद्धट, कुजकट आणि मनात डूख धरून ठेवणारा. हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे आणि त्यानेही माझ्याबद्दलचं मत मला तोंडावरच ऐकवलेलं आहे, तेव्हा कुणाच्या पाठीमागे बोलतेय असंही नाही.

आमचं ऑफिस मरोळला, औद्योगिक वसाहतीतल्या एका काचेच्या इमारतीत. लोकांच्या आजारपणाचे विम्याचे दावे तपासायचे, हा आमचा धंदा. मजलाभर राखाडी कार्पेट आहे, चौकोनी तुकड्यांचं, फरशीसारखं एकाला एक लावलेलं. मी तिथली ॲडमिन बघते. म्हणजे एसीपासून संडासाच्या नळापर्यंत जे काही बिघडेल त्याच्या शिव्या मी खायच्या. आणि कार्पेट बाळा बघतो. सफाईची एजन्सी बाहेरची आहे, तिची बाकीची माणसं येतात आणि जातात. बाळा मात्र ते कार्पेट जमिनीला चिकटलं तेव्हापासून त्याला चिकटलेला आहे.

रोज सकाळी व्हॅक्यूम आणि शनिवारी, ऑफिसला सुट्टी असते तेव्हा, शाम्पूचं मोठं मशीन. कामात खोट काढायला जागा नाही, हे मला नाइलाजाने मान्य आहे. पण ते कार्पेट आपल्या बापजाद्यांनी राखून ठेवलंय आणि आम्ही सगळे त्यावर घुसखोरी करतोय, असा त्याचा कायमचा आव. चाकांच्या खुर्च्यांवर त्याचा राग, उंच टाचांवर राग, डबा जागेवर खाणाऱ्यांवर तर फारच.

डाग पडला की बाळा त्याच्यासमोर गुडघे टेकायचा, वाकून वास घ्यायचा आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा निकाल द्यायचा. "सांबार. हर्षद." हर्षद म्हणजे आमचा अकाउंट्सवाला. "पॅन्ट्री काय शोभेला ठेवलीय काय रे?" मग तो डाग काढायचा आणि जाताना तिथे पिवळा प्लास्टिकचा बोर्ड उभा करायचा, 'जागा ओली आहे' असा. जागा दुपारपर्यंत सुकायची. बोर्ड आठवडाभर तिथेच. ज्याच्या टेबलाशी बोर्ड तो गुन्हेगार, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे नव्याने लागलेली गंधाली नावाची मुलगी कॉफी सांडल्यावर त्या बोर्डाशेजारी बसून रडली होती. बाळा म्हणाला, "रडायचं तर तिकडे रड, इथे परत ओलं करू नकोस."

माझ्या टेबलाशी बोर्ड पहिल्यांदा लागला तो चहाच्या डागापायी. मी चहाच घेत नाही. मी बोर्ड उचलला आणि त्याच्या सामानाच्या खोलीच्या दाराशी नेऊन आपटला. दुसऱ्या दिवशी बोर्ड परत माझ्या टेबलाशी.

"घाडी, हा उचला इथून."

"जागा ओली आहे, मॅडम."

"कोरडी ठणठणीत आहे. हात लावून बघा."

"वरून. आतली तुम्हाला नाही कळायची."

तेव्हापासून आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

त्याचं आयुष्य मला कळलं तेही भांडणाभांडणातून. तुम्हाला बोलायची रीत नाही, असं मी एकदा म्हटलं, तेव्हा तो म्हणाला की माझा बाप गिरणीत होता, रीत शिकवायला त्याला सवड नव्हती. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली विकून सगळे बोरीवलीला काजूपाड्यात आले. बाळा आधी एका थेटरात लागला, पानाच्या पिचकाऱ्या खरवडायला. मग विमानतळाजवळच्या एका हॉटेलात, लग्नाच्या हॉलचं कार्पेट सांभाळायला. तिथे त्याने एका वरातीसमोर हात आडवा धरला आणि नवरदेवाच्या मामाला चिखलाचे बूट काढायला सांगितलं. मामा बुटांसकट आत गेला आणि बाळा कायमचा बाहेर आला. ही गोष्ट सांगताना त्याला पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. "चुकलं काय माझं?" असं त्याने मलाच दरडावून विचारलं. माझं उत्तर होतं की काही चुकलं नाही. मी ते दिलं नाही.

आता त्याच्या जिभेबद्दल सांगायला हवं. बाळाचा गाव तिकडे कणकवलीच्या वर आणि गावच्या देवळात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. कोकणातल्यांना हे सांगायला नको, पण आमच्यासारख्या मुलुंडकरांसाठी सांगते. घाडी देवासमोर नारळ ठेवून उभा राहतो, गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. चांगलं मागता येतं, तसं एखाद्याचं वाईटही मागता येतं. घाड्याची जीभ फळते म्हणतात. बाळाने ती जीभ मरोळला आणली होती. लिफ्टमनपासून पॅन्ट्रीतल्या प्रेमापर्यंत सगळे तळकोकणातले, त्यामुळे त्याने नुसतं "गाऱ्हाणं घालीन हां" म्हटलं की भलेभले चप्पल काढून चालायचे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी मुद्दाम टाचा वाजवत चालायची.

गेल्या वर्षी नवरात्रात आमचं फारच वाजलं. मी एजन्सीच्या नितेशला बोलावलं. हा नितेश त्यांचा मॅनेजर, बोलायला मधाळ, केसाला जेल, कशालाही नाही म्हणणार नाही आणि काहीही करणार नाही. मी त्याला म्हटलं, "मला दुसरा माणूस द्या." तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त शब्द टाका." हे संध्याकाळपर्यंत बाळाच्या कानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दरवर्षी त्या दिवशी बाळा आपल्या मशीनची पूजा करतो. माझ्या टेबलाला लागून एक खांब आहे, तिथे प्लग आहे म्हणून मशीन तिथेच उभं असतं. झेंडूचा हार, हळदकुंकू, अगरबत्तीचा अख्खा पुडा. हळद कार्पेटवर सांडू नये म्हणून खाली पेपर. मग गाऱ्हाणं, मग बाहेर जिन्याच्या पायरीवर नारळ फोडायचा, खोबरं आणि पेढे सगळ्यांना वाटायचे. आम्ही सगळे पेढ्यासाठी जमायचो.

"बा देवा म्हाराजा," बाळाने सुरुवात केली. राग आला की किंवा देव समोर असला की तो मालवणीत शिरतो. "ह्या मशिनाक, ह्या हातांका बरकत दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," प्रेमा, लिफ्टमन आणि सिक्युरिटीवाले.

"ह्या कारपेटार जी लेकरां चालतत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि जी कोण बाय माझ्या पोटार पाय देऊक बघता, तिची वाचा बंद कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सवयीने सगळे बोलून गेले आणि मग एकेकाने माझ्याकडे बघून मान खाली घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काही बोलणार तेवढ्यात बाळाने नारळ उचलला आणि जिन्याकडे न जाता तिथेच, मशीनच्या लोखंडी पायावर, दाणकन आपटला. मला वाटलं, डोक्यात राग गेलाय. गेलाच होता. पाणी माझ्या सॅंडलपर्यंत आलं. बाळाने खांद्यावरचं फडकं टाकलं, दोन्ही वाट्या त्यात गुंडाळल्या आणि घाईघाईने निघून गेला. पेढे प्रेमाने वाटले. त्या वर्षी खोबरं कुणाला मिळालं नाही, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ऑफिस उघडलं आणि वास आला. आंबट, कुबट, मेलेल्या उंदरासारखा नाही पण त्याच्याच जातीचा. एसीच्या बंद हवेत तो फिरायचा आणि फिरून फिरून माझ्या टेबलाशी येऊन बसायचा. आधी एसीवाले आले, मग उंदीरवाले. साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. नंतर लोक माझ्या टेबलाशी येताना नाकाला रुमाल लावायला लागले. मी कपाट रिकामं केलं, खण पुसले, घरून आणलेलं लोणचंसुद्धा फेकून दिलं. एका सकाळी गंधालीने माझ्या टेबलावर सुगंधी फवाऱ्याची बाटली ठेवली आणि म्हणाली, "राग नका मानू हां, मॅडम. सगळे बोलतायत म्हणून." इतकी वर्षं या मजल्यावर मी मान ताठ ठेवून वावरले आणि आता मला वास येतो म्हणून लोक सल्ले देत होते. त्या दिवशी मी घरी जाऊन दोनदा अंघोळ केली आणि दुसऱ्यांदा रडले.

आणि बाळाने काय करावं? पिवळा बोर्ड आणून माझ्या टेबलाशी उभा केला. चोराच्या उलट्या बोंबा, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी फोन उचलून नितेशला सांगितलं, सोमवारी नवा माणूस आणा. तो म्हणाला, "झालं समजा."

एक मात्र डोक्यातून जाईना. चहाचा थेंब पडला तरी वास घेणारा हा माणूस या वासाशी एकदाही गुडघ्यावर बसला नव्हता. नुसता वरून फवारा मारायचा आणि पुढे जायचा. शनिवारी मी मुलुंडहून मुद्दाम ऑफिसला गेले. बाळा दुसऱ्या टोकाला मशीन फिरवत होता. मी खांबाजवळ बसले आणि स्टीलची पट्टी कार्पेटच्या फटीत घातली.

मशीन बंद झालं. "मॅडम, हात लावू नका त्याला."

"का?"

"नका लावू सांगतोय ना."

मी तुकडा उचकटला. खाली फटीतून उतरलेला काळा ओघळ, त्याबरोबर आत गेलेल्या झेंडूच्या पाकळ्या आणि करवंटीचा एक टवका, आतून करडा, बुरशी धरलेला. वास असा की मला मागे सरकावं लागलं. मी टवक्याकडे बघितलं, मग बाळाकडे. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"नासका होता?" मी विचारलं.

"नासको निघालो."

"आणि तुम्ही लपवलात. महिनाभर माझ्या नावाने बोंब होऊ दिलीत. एक पाण्याचा हात फिरवला असतात तर मिटलं असतं."

"फिरवूक येणा नाय." तो आता पूर्ण मालवणीत गेला होता. "आमच्या घाड्यांत रीत असा. नारळ नासलो म्हणजे देवान गाऱ्हाणा झिडकारल्यान. मगे दुसरो नारळ फोडूचो. पण जेनी व्हय म्हटला, तेंच्याच समोर. तवसर त्या जाग्याक हात लावूचो नाय."

"मग फोडायचा होता दुसरा."

"सगळ्यांसमोर सांगू? घाड्याचो नारळ नासलो म्हणान? माझ्या आज्याचो कधी नासाक नाय, बापाशीचो नासाक नाय." त्याचा आवाज चिरकला आणि त्याचा त्यालाच राग आला. "तुमचा वायट मागूक गेलंय नि देव माझ्यारच उलाटलो. झाला समाधान?"

झालं होतं. खोटं कशाला बोलू? मनातून उकळ्या फुटत होत्या. पण त्याबरोबर असंही वाटलं की या माणसाने वासाने माझी अब्रू घालवली, आणि मी त्याला नितेशच्या गोड बोलण्यातून गुपचूप घालवायचं? मग माझ्यावरचा वास माझ्यावरच राहणार.

"सोमवारी सगळ्यांसमोर दुसरा नारळ फोडायचा," मी म्हटलं. "वास कशाचा होता तेही सगळ्यांसमोर सांगायचं."

"नि मगे?"

"मग काय? नितेश नवा माणूस घेऊन येतोय."

त्याने खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. मग म्हणाला, "दुसरोय नासलो तर मी आपणहून जातलंय. कोणी काडूक नको. पण चांगलो निघालो तर मी हयसून हलूचंय नाय. मग तुमचो नितेश येवंदे नायतर त्याचो बापूस."

"मान्य. पण नारळ मी आणणार. तुमच्या निवडीवर माझा भरवसा नाही."

"आणा. पण आधीच सांगतंय, गाऱ्हाणा तेच असतला. बदलूक येणा नाय." आणि मशीनकडे वळता वळता, "बदलूचा पण नाय माका."

रविवारी मुलुंडच्या बाजारात मी नारळ बघत होते. पिशवी धरायला माझा नवरा विद्याधर. त्याला सगळं सांगितलेलं होतं आणि त्याला भलतीच मजा वाटत होती. "स्वतःच्या शापाचा नारळ स्वतः निवडणारी बायको माझीच," तो म्हणाला. मी एकेक नारळ कानाशी धरून हलवत होते. एक हातात आला तो हलका, आत पाणी नाही, डोळ्याशी ओलसर आणि चिकट. नासका आहे हे शाळेतल्या पोरीलाही कळलं असतं. तो हातात धरून मी उभी राहिले. हा घेतला की बाळा घाडी सोमवारी आपल्या पायाने जिना उतरणार, आणि देवानेच घालवला म्हणून माझ्यावर बोटही उठणार नाही. मला तो जायला हवा होता. अगदी मनापासून हवा होता. आणि चांगला नारळ घेतला तर माझं वाईट मागणारं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचणार. विश्वास नाही म्हणते मी, तरी तो नासका नारळ मी लगेच खाली ठेवला नाही.

"कशाला पाहिजे, पूजेला का चटणीला?" नारळवाल्याने विचारलं.

"भांडणाला," विद्याधर म्हणाला.

भांडण माझं होतं आणि ते मला नासका नारळ देऊन जिंकायचं नव्हतं. बाळाने लपवाछपवी केली म्हणून मी त्याला महिनाभराच्या शिव्या मनात तयार ठेवल्या होत्या. तेच मी केलं असतं तर त्या मला देता आल्या नसत्या. मी दुकानातला सगळ्यात भरलेला, जड, खळखळ वाजणारा नारळ घेतला.

सोमवारी सगळा मजला खांबाभोवती जमला. नितेश आला होता, बरोबर नवा माणूस, इस्त्रीच्या कपड्यांत, हातात फवाऱ्याची बाटली. बाळाने सकाळीच अंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. मी नारळ त्याच्या हातात दिला. त्याने तो कानाशी धरून हलवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा हलवला.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, आणि आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. "गेल्या खेपेक माझो नारळ नासको निघालो. मी तो लपवलंय. वास येय होतो तो त्या नारळाचो, ह्या बायचो नाय. माझी चूक पदरात घी रे म्हाराजा."

क्षणभर कुजबूज झाली. मग सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाले. गंधालीने माझ्याकडे बघून खालचा ओठ चावला.

"मशिनाक, हातांका बरकत दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कारपेटार चालतत त्या लेकरांका सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ही उत्तरा बाय, जी माझ्या पोटार पाय देऊक बघता, जिना हो नारळ आपल्या हातान आणल्यान, तिची वाचा बंद कर रे म्हाराजा."

कुणीही बोललं नाही.

प्रेमा पायाच्या अंगठ्याने कार्पेट उकरत होती. लिफ्टमन छताकडे बघत होता. गेल्या वेळी सवयीने तोंडातून निघून गेलं होतं. आता नाव घेतलं होतं आणि नाववाली समोर उभी होती. तिला नडून यांना इथे राहायचं कसं? नितेशच्या चेहऱ्यावर त्याचं ते मधाळ हसू यायला लागलं होतं. "व्हय" मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. बाळा हात जोडून उभा होता आणि त्याच्या मानेची शीर ताणली होती. देवळात त्याच्या आज्याला, बापाला कधी असं थांबावं लागलं नसणार. मला त्याची दया आली नाही. मला राग आला. इतकी वर्षं ज्याच्या जिभेला घाबरून चपला काढून चालले, ते सगळे आज एका ॲडमिनवालीला घाबरून गप्प बसले होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने, मुलुंडच्या उच्चारात.

बाळाने मागे वळून बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकणार नाही, पण आभार नव्हते हे नक्की. मग तो सगळ्यांना मागे घेऊन जिन्याशी गेला आणि पायरीवर नारळ फोडला.

आत पांढरंशुभ्र खोबरं. त्याने दोन्ही वाट्या उंच धरून दाखवल्या, सगळ्यांना, आणि नितेशच्या तर नाकाखाली नेऊन. "बघलास? आता ह्येका घेवन जा," असं नव्या माणसाकडे बोट करून म्हणाला. नितेशने माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. पहिला तुकडा बाळाने मला दिला. मी सगळ्यांसमोर तो चावून खाल्ला.

माझी वाचा बंद झालेली नाही, हे तुम्ही बघताच आहात. त्याच दुपारी आम्ही एसीच्या पाण्यावरून भांडलोही. त्याआधी त्याने खांबाजवळचे कार्पेटचे तुकडे उचलले, खालची जमीन घासली, तुकडे गरम पाण्याने धुऊन परत बसवले. "पाय वर घ्या, मॅडम," एवढंच बोलला. मी पाय वर घेतले. काम संपल्यावर त्याने पिवळा बोर्ड आणून माझ्या टेबलाशी उभा केला.

जागा दुसऱ्या दिवशी सुकली. बोर्ड आठवडाभर तिथेच होता आणि मी तो हलवायला सांगितलं नाही.